वळणावरचा मध्य

तुम्हाला कोणी सांगितलं की या रस्त्याच्या बरोबर मध्यावर जाऊन उभे राहा, तर तुम्ही कुठे उभे राहाल? आणि तिथेच का?

उत्तराची घाई करू नका. मी केली होती. मी नकाशावर एक ठिपका काढला, त्याच्याखाली ‘मध्य’ असं छापलं आणि तो कागद अर्जाला जोडला. आज त्या ठिपक्याच्या जागी शहर बसचा थांबा आहे. निळी पाटी आहे, पाटीखाली लोक उभे असतात. तो थांबा तिथे कसा आला हे मला कोणी विचारलं तर मी अजून अडखळते. यात कोणी खोटं बोललं नाही. कोणी कोणाला फसवलं नाही. मग चुकलं कुठे, हे शोधताना मी इतकी गोंधळले की शेवटी लिहायला बसले. आमच्या घरात गोंधळावर हाच एक उपाय माहीत आहे.

आमचा रस्ता सातपूरच्या मागे आहे. कारखान्यांची शेवटची रांग संपते तिथे तो मुख्य रस्त्यापासून फुटतो, एका बंद पडलेल्या कंपनीच्या भिंतीला वळसा घालतो आणि मळ्यांच्या कडेने आमच्या वस्तीतल्या पाण्याच्या टाकीपर्यंत येतो. कोपरात वाकवलेल्या हातासारखा त्याचा आकार आहे. वळणाच्या अलीकडे, मुख्य रस्त्याच्या बाजूला, कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. वळणाच्या पलीकडे फुलांचे मळे, कोथिंबीर-मेथीचे वाफे आणि शेवटी आमची घरं. पूर्वी बस टाकीपर्यंत यायची आणि टाकीला वळसा घालून परत जायची. मग ती एकदम मुख्य रस्त्यावरूनच पुढे जाऊ लागली. आत प्रवासी मिळत नाहीत, असं ऐकू आलं.

आमच्या शेजारच्या काकू पहिल्या बसने फुलबाजारात जात. मळा काका बघतात, विक्री काकूंची. झेंडूची एक पाटी डोक्यावर, शेवंतीची एक काखेत. दसरा-दिवाळीला टेम्पोवाले स्वतःहून दारात येतात, पण एरवी दोन पाट्यांसाठी कोण येणार? बस बंद झाल्यावर काकू मुख्य रस्त्यापर्यंत चालत जायला लागल्या. बाजारात पोचेपर्यंत भाव उतरलेला असायचा आणि फुलंही. फुलं उतरलेली परवडत नाहीत, असं त्या म्हणत. मळ्यात पुढच्या हंगामाला फुलंच लावावीत की नाही, यावर काका-काकूंची रोज वादावादी चाले आणि भिंत एकच असल्यामुळे ती आम्हाला ऐकू येई.

माझे पप्पा कारखान्यात मशीनवर होते. पण त्यांना विचाराल तर ते स्वतःला पत्रक लिहिणारा म्हणवून घेतील. पगारवाढ, कॅन्टीन, रस्त्यावरचे दिवे, पाणी, कुठलाही प्रश्न असो, पप्पा शिफ्टवरून येऊन हातपाय धुऊन मजकूर लिहायला बसत. पिवळ्या नाहीतर गुलाबी पातळ कागदावर ती पत्रकं छापली जात आणि गठ्ठे आमच्या पलंगाखाली राहत. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. ‘जाहीर आवाहन’ हे मला सलग वाचता आलेले पहिले दोन शब्द. बाकीच्या मुली गोष्टींतल्या राजाला घाबरत, मी व्यवस्थापनाला घाबरायची. पत्रकांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली: जिथे अन्याय आहे तिथे अन्याय करणारा आहे. त्याचं बोट, त्याची सही, त्याची खुर्ची कुठेतरी असते. ती शोधायची आणि छापायची.

बसच्या प्रश्नावर पप्पांनी पत्रक काढलं, वस्तीतल्या लोकांना घेऊन ते बसच्या कार्यालयात गेले, मीही गेले. तिथले साहेब वाईट नव्हते. कंटाळलेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मुख्य रस्त्यापासून टाकीपर्यंत हातात हात धरून उभी राहतील एवढी माणसं आहेत का तुमच्याकडे? असतील तर मी स्वतः येतो बघायला.”

ते टोमणा मारत होते. पप्पांनी तो ठराव म्हणून घेतला. बाहेर पायऱ्यांवर येताच त्यांनी मानवी साखळी जाहीर केली.

माणसं मोजली तर जेमतेम पुरत होती. प्रत्येकाने हात पूर्ण लांब केला तर. म्हणजे कोण कुठे उभं राहणार हे आधी ठरवायला हवं होतं. दुसरंही एक कारण होतं. आमच्या लोकांना साहेबांच्या गाडीजवळ उभं राहायला आवडतं. मागे टाकीच्या गळतीवरून मोर्चा काढला तेव्हा फोटो काढणारा आला आणि अख्खा मोर्चा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. शेपटीला उरले पप्पा आणि एक कुत्रा. यावेळी प्रत्येक गटाला जागा नेमून द्यायची, तिथे फक्कीने खूण करायची आणि पत्रकात ठळक छापायचं, असं ठरलं. ते वाक्य मी लिहिलं. ‘काहीही झालं तरी आपली जागा सोडू नका.’ पप्पांनी ते दोनदा वाचलं आणि त्याखाली रेघ ओढली. आमच्या घरात याच्यावरचा पुरस्कार नाही.

जागा ठरवण्याचं काम मी घेतलं. मी एका छोट्या ऑफिसात वेबसाइटची पानं बनवते. जावास्क्रिप्टमध्ये लिहिते, म्हणजे बरंचसं दुसऱ्यांनी लिहिलेलं जोडते. कोणीतरी कुठलंतरी अवघड गणित आधीच सोडवून, बांधून ठेवलेलं असतं. त्याला लायब्ररी म्हणतात. आपण ती आपल्या पानात आणायची, तिला आकडे द्यायचे, ती उत्तर देते. वक्र रेषांसाठी अशीच एक लायब्ररी आहे. बेझियर वक्र म्हणतात त्या रेषांना. अक्षरांच्या गोलाया, मोटारींची बोनेटं, ॲपमधली चित्रं, सगळं त्यांनी काढलेलं असतं.

तिला चार बिंदू द्यायचे. पहिला आणि चौथा ही रेषेची दोन टोकं. मधले दोन मात्र रेषेवर नसतातच. ते बाजूला उभे राहतात आणि रेषा त्यांच्याकडे ओढली जाते, पण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. रस्त्यावर कधी न येणारे दोघे रस्त्याचं वळण ठरवतात, हे वाचून मला फार आनंद झाला. मला यात पत्रकाचा विषय दिसला.

मी वस्तीचा नकाशा पानावर ठेवला. एक टोक मुख्य रस्त्यावर, एक टाकीपाशी. मधले दोन बिंदू ओढत ओढत कंपनीच्या कोपऱ्यापर्यंत नेले, तेव्हा कुठे रेषा रस्त्यावर बरोबर बसली. आता रेषेवर माणसं उभी करायची होती. त्यासाठी लायब्ररीला एक आकडा द्यायचा असतो, शून्य ते एकच्या मधला. त्याला ‘टी’ म्हणतात. शून्य दिला की ती पहिलं टोक दाखवते, एक दिला की शेवटचं. मधला कुठलाही आकडा दिला की मधली एक जागा काढून देते. मी शून्यापासून एकपर्यंतचे सारखे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला एक माणूस, आणि पानाला सांगितलं की ठिपके काढ.

ठिपके आले. रेषेवरच आले. पण वळणावर एकमेकांना चिकटून आले, आणि दोन्ही टोकांकडे विरळ होत गेले.

आपण काही चुकलो असू असं वाटलं. आकडे पुन्हा तपासले, तुकडे सारखेच होते. लायब्ररी जगभर वापरतात, ती चुकणार नाही. मग मला वाटलं, वळण आहे ना, वळायला माणसं जास्त लागत असतील. ताणलेला दोरा कोपऱ्यावरून नेला की तो कोपऱ्यालाच काचतो, तसं काहीतरी. मी पप्पांना दाखवलं. ते चष्मा कपाळावर नेऊन पडद्याजवळ गेले आणि एकदम खूश झाले.

“बरोबर आहे. मोर्चा वळणावर दाटतोच,” ते म्हणाले. “ज्याने कोणी हे केलंय तो मोर्च्यात चाललेला माणूस आहे.”

त्यांनी आयुष्यभर मोर्चे वळवले होते. मीही लहानपणापासून त्यांच्या खांद्यावर बसून ते वळताना पाहिले होते. वळणावर पुढचे थांबतात, मागचे येऊन आदळतात, घोषणा मोठी होते. आम्हा दोघांना त्या ठिपक्यांत आमचाच अनुभव दिसला. दुसऱ्या कुठल्या घरात हे चित्र बघून कोणी तरी म्हणालं असतं की हे विचित्र दिसतंय. आमच्या घरात कोणी म्हणालं नाही.

मग पॉइंट पाच दिला, म्हणजे अर्धा. लायब्ररीने वळणावरची जागा दिली. मी तिथे जरा मोठा ठिपका काढला, ‘मध्य’ लिहिलं, रंगीत प्रिंट काढली आणि बसच्या कार्यालयात द्यायच्या अर्जाला जोडली. नकाशा जोडला की अर्ज वजनदार होतो, हेही पप्पांचंच.

साखळीच्या दिवशी सकाळी मी फक्कीची पिशवी घेऊन रस्त्यावर उतरले. फोनवर माझं पान उघडलं होतं. मी चालत गेले की फोनमधला निळा ठिपका चालायचा, तो माझ्या ठिपक्यावर आला की मी वाकून खूण करायची. वळणावर खुणा इतक्या जवळ आल्या की रांगोळीसारख्या दिसायला लागल्या. टाकीकडे येईपर्यंत मला दोन खुणांमध्ये बराच वेळ चालावं लागत होतं, आणि त्याचाही मी काही अर्थ काढला नाही. हातात फोन असला की पायांना काही विचारायची सवय उरत नाही.

लोक आले. गटागटाने आपापल्या खुणेवर उभे राहिले. बचत गटाच्या बायका, दुसऱ्या शिफ्टचे कामगार, कॉलेजच्या मुली, भजनी मंडळ टाळांसकट. वळणावर खांद्याला खांदा लागून जागा उरली नाही, माणसं दोन-तीन ओळींत उभी राहिली. आणि टाकीच्या बाजूला हातच पोचेनात. एक बाई, मग मोकळा रस्ता, मग दुसरी बाई. शेवटच्या खुणेवर काकू उभ्या होत्या. त्यांच्या पुढची मुलगी इतकी लांब होती की दोघींनी हात पसरले तरी मध्ये एक टेम्पो सहज गेला असता.

मी पळत वळणावर गेले. बचत गटाच्या बायकांना म्हटलं, तुमच्यातल्या निम्म्या टाकीकडे चला. कोणी हललं नाही. त्यांतल्या एका ताईंनी कमरेला खोचलेलं पत्रक काढून माझ्यासमोर धरलं.

“काय लिहिलंय, वाचा,” त्या म्हणाल्या. “आन् खाली रेघ बी मारलीय. आम्ही नाय हलणार. मागच्या टायमाला आम्हीच पळालो म्हणून बोलणी खाल्ली.”

मी म्हटलं, अहो ते मीच लिहिलंय. त्या म्हणाल्या, मग तर तुम्ही पण तुमच्या जागेवर जा. बायका हसल्या. माझी खूण भजनी मंडळाच्या मागे होती, तिथे मी जाऊन उभी राहिले.

साहेब खरोखर आले. त्यांची गाडी मुख्य रस्त्याने आत वळली, अलीकडच्या बाजूने सावकाश पुढे आली आणि वळणावर थांबली, कारण पुढे जायला वाटच नव्हती. ते उतरले. समोर ही गर्दी. टाळ वाजायला लागले. त्यांच्या हातात माझा रंगीत नकाशा होता. त्यांनी नकाशा बघितला, लोक बघितले, पुन्हा नकाशा बघितला. टाकीची बाजू भिंतीमुळे तिथून दिसत नाही. तिकडे ते गेले नाहीत.

“लोक आहेत, मान्य,” ते म्हणाले. “हा तुमचा मध्य ना? मग इथपर्यंत बस देऊ. दोन्हीकडच्यांना सारखं पडेल.”

दोन्हीकडच्यांना सारखं. हे शब्द ऐकून मला भरून आलं. कुठल्याही कार्यालयातल्या माणसाच्या तोंडी मी हा शब्द पहिल्यांदा ऐकत होते. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. पप्पांनी त्याच दिवशी गुलाबी कागदावर विजयाचं पत्रक लिहायला घेतलं. टाकीकडच्या माणसांना काय झालं ते नंतर कळलं. काकू म्हणाल्या, आम्हाला टाळ्या ऐकू आल्या, म्हणून आम्ही हात खाली घेतले.

बस सुरू झाली. वळणावर पाटी लागली. मी ऑफिसला जाताना तिथूनच बसायची. माझ्या पाठीवर फक्त एक लॅपटॉप असतो, आणि मी चालता चालता फोनवर काहीतरी ऐकत असते, त्यामुळे मला रस्ता मोजावा लागत नाही. एका सकाळी काकू पुढे दिसल्या. त्यांनी फुलांची पाटी बांधावर टेकवली होती आणि त्या उभ्या होत्या. मी पाटी घ्यायला हात पुढे केला. तेव्हा त्यांनी मला विचारलं, “पोरी, तिकडचं अर्धं आन् आपलं अर्धं सारखंच हाय ना गं? मला वाटतं माझेच पाय गेले आता.”

मी म्हटलं, सारखंच आहे काकू, मध्यच आहे तो. मोजून काढलाय.

त्या म्हणाल्या, मग वयच झालं म्हणायचं. आणि पाटी उचलायला वाकल्या. काकांना त्यांनी सांगूनही टाकलं होतं की पुढच्या वेळी फुलं नकोत, आता माझ्याने होत नाही. नकाशाच्या भरवशावर त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांना दोषी ठरवलं होतं.

ती पाटी मी घेतली. डोक्यावर नीट बसेना म्हणून दोन्ही हातांनी धरून चालले. झेंडूची पाटी हलकी असते असं मला वाटायचं. दंव पडलेली फुलं हलकी नसतात. हातात पाटी असल्यामुळे फोन काढता आला नाही. आणि त्या रस्त्याने मी पहिल्यांदा रस्ताच मोजत चालले. वळण येईना. मी थांबले तेव्हा काकू माझ्या पुढे निघून गेल्या होत्या. वळणावर पाटी खाली ठेवल्यावर मी मुख्य रस्त्याकडे बघितलं. तो समोर दिसत होता. तिथल्या चहाच्या टपरीवर कोण बसलंय तेही दिसत होतं. मागे वळून बघितलं तर टाकी दिसत नव्हती.

मला पहिल्यांदा राग आला, आणि नेहमीप्रमाणे मी माणूस शोधायला लागले. साहेबांनी थांबा सरकवला असेल. नाही, थांब्याची पाटी बरोबर ठिपक्यावर होती. पाटी लावणाऱ्यांनी घोळ केला असेल. नाही. नकाशा कोणी बदलला असेल. मी माझी प्रिंट काढून बघितली, तोच नकाशा. मग लायब्ररी. तिच्या लेखकाला जाहीर पत्र लिहायचं मी मनात जवळजवळ ठरवलं होतं.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मित्र गणितातला आहे. त्याला मी पान दाखवलं आणि म्हटलं, ही लायब्ररी खोटं बोलते, अर्धा मागितला तर अर्धा देत नाही. त्याने ठिपके बघितले आणि हसू दाबलं.

“अगं, तू तिला अर्धा रस्ता मागितलाच नाहीस,” तो म्हणाला. “तू अर्धा टी मागितलास.”

मी विचारलं, मग टी म्हणजे काय? अंतर? तो म्हणाला, नाही. वेळ? नाही, तसं समजतात लोक, पण नाही. मग काय? तो म्हणाला, टी म्हणजे टी. आम्ही चहाला गेलो. टपरीवर त्याने बिस्किटाच्या पुड्याच्या पाठीवर चार बिंदू काढले. पहिल्या बिंदूपासून दुसऱ्याकडे एक मुंगी चालते, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे एक, तिसऱ्याकडून चौथ्याकडे एक. तिघी एकाच वेळी निघतात, एकाच वेळी पोहोचतात. त्या तिघींना जोडणाऱ्या काठ्या, काठ्यांवर पुन्हा मुंग्या, त्यांच्यामध्ये पुन्हा एक काठी, आणि त्या काठीवर जी शेवटची मुंगी चालते, तिच्या पायवाटेला आपण वक्र म्हणतो. सगळ्या मुंग्या अर्ध्यावर आल्या की टी अर्धा. पण शेवटची मुंगी तेव्हा आपल्या वाटेवर अर्ध्यावर असेलच असं नाही. ती कुठे धावते, कुठे रेंगाळते. तू मधले दोन बिंदू वळणापर्यंत ओढलेस, म्हणून ती टोकांकडे धावली आणि वळणावर रेंगाळली.

मी विचारलं, का रेंगाळली? तो म्हणाला, का म्हणजे? तसंच आहे ते. मी विचारलं, मग तिला सारखं चालायला कोणी लावत नाही का? तो म्हणाला, तिला कोणी रेंगाळायलाही लावलेलं नाही. मला हे अजून पचलेलं नाही. प्रत्येक मुंगी नियमाने चालली, सगळ्या एका वेळी पोहोचल्या, कोणावर अन्याय नाही, आणि सगळ्यांचं मिळून जे झालं त्यात काकूंच्या डोक्यावरची पाटी जास्त लांब गेली.

उपाय मात्र साधा होता. आणि लायब्ररीत तो पहिल्यापासून लिहिलेला होता. मी तेवढं पान वाचलं नव्हतं. तिच्याकडून वक्रावरच्या भरपूर जागांचा एक तक्ता मागायचा. एका जागेपासून पुढच्या जागेपर्यंतचं अंतर काढायचं, बेरीज करत जायचं. मग आपल्याला जेवढं अंतर हवं तेवढी बेरीज तक्त्यात कुठे येते ते बघायचं, आणि ती जागा घ्यायची. म्हणजे रस्ता टीवर नाही, रस्त्यावरच मोजायचा. मी तसं केलं. ठिपके सुटे झाले. वळणावरून निघून ते टाकीकडे चालत गेले, आणि एकसारखे उभे राहिले. त्या दिवशी बायका हलल्या नव्हत्या, ठिपके हलले. नवा मध्य एका विहिरीच्या इंजिनघरापाशी आला, वळणाच्या पुष्कळ पलीकडे, आमच्या बाजूला.

मी नवा नकाशा घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले.

“मध्य कधी बदलतो का, मॅडम?” ते म्हणाले. “रस्ता तोच आहे ना?”

मी टी समजावायला लागले. मुंग्यांपर्यंत पोचले तेव्हा त्यांनी चहा मागवला, पण डोळे घड्याळावर होते. ते म्हणाले, उद्या तिसरा नकाशा आणाल. त्यांचंही काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

घरी येऊन मी पप्पांना म्हटलं, दुरुस्तीचं पत्रक काढू. छापू की मध्य चुकला. पप्पांनी आयुष्यात कधी दुरुस्ती छापली नव्हती. ते म्हणाले, विजयाचं पत्रक अजून टपरीच्या खांबावर चिकटलंय, त्याच्यावर हे चिकटवायचं? लोक पुढच्या पत्रकावर विश्वास ठेवतील? मी म्हटलं, नाही छापलं तर मी तरी कशी ठेवू? आमचं जोरात वाजलं. त्यांनी विचारलं की दोष कुणाचा लिहायचा, कार्यालयाचा, तुझा की त्या परदेशी लायब्ररीचा. ज्याच्याखाली रेघ ओढावी असं नावच नव्हतं. आम्ही दोघेही कोऱ्या कागदासमोर बसलो.

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. आमचं भांडण त्यांना ऐकू गेलं होतं, जसं त्यांचं आम्हाला जातं. त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “इंजिनघराशी थांबा झाला तरी मला उतरून चालायचंच हाय ना? बस तर टाकीपर्यंत यायची. आपण मध्य कवा मागितला होता?”

कवा मागितला होता? मी अर्ज काढून वाचला. त्यात मध्य नव्हता. टाकी होती. मध्य फक्त माझ्या नकाशात होता. मी तो ठिपका का काढला होता, हे मला आजही आठवत नाही. पॉइंट पाच देऊन बघितलं, उत्तर आलं, चित्र शोभून दिसलं, एवढंच असावं. मग साहेब ‘सारखं’ म्हणाले आणि आम्ही जे मागायला गेलो होतो ते टाळ्यांत विसरलो. त्यानंतर मी कितीतरी दिवस योग्य मध्य शोधत बसले. मला तो सापडलाही. तो आम्हाला नको होता.

दुरुस्तीचं पत्रक पप्पांनीच लिहिलं, मी नाही. त्यात दोषी कोणी नाही. त्यांच्या सगळ्या पत्रकांत हे सगळ्यांत लहान आहे आणि ते त्यांना आवडत नाही. पण पत्रकाने बस येत नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे. आणि पुन्हा साखळी केली तरी माणसं कुठे उभी करायची हे सांगायला माझी जीभ आता लवकर रेटणार नाही.

परवा मी बसमध्ये कंडक्टरांना म्हटलं, टाकीचं तिकीट द्या. ते म्हणाले, मशीनमध्ये टाकी नाही, वळणापर्यंतच आहे. मी विचारलं, टाकी मशीनमध्ये कशी येईल? ते म्हणाले, “कोणी मागतच नाही, ताई. सगळे वळण मागतात. लोक मागायला लागले तर मी वर सांगेन, रोज भांडायला मला थोडीच आवडतं.” काकूंनी या हंगामाला निम्म्या मळ्यात झेंडू लावला आहे. उरलेला निम्मा त्यांनी मोकळा ठेवला आहे, बस येते का बघू म्हणून.

म्हणून तुमच्याकडे मागणं एवढंच. तुम्ही कधी सातपूरहून आमच्या बाजूच्या बसमध्ये बसलात, तर वळणाचं तिकीट काढू नका. टाकीचं मागा. मशीनमध्ये नाही असं सांगतील. मग वळणाचं घ्या, पण त्याआधी टाकी म्हणा, मोठ्याने, मागच्या सीटवर ऐकू जाईल असं. उतरल्यावर एकदा टाकीपर्यंत चालत या. हातात फोन नको, काहीतरी जड घ्या.